हिरव्या बटणाला मिळालेली दुवा

अनारकुल चिडली की ओरडत नसे. चष्मा काढायची, डोक्याच्या रुमालाच्या टोकाने काचा पुसायची आणि समोरच्याकडे चष्म्याशिवाय बघायची. ज्याच्याकडे असं बघितलं जाई त्याला बहुतेक वेळा बाहेरचं काहीतरी काम आठवायचं. आमच्या डोंगरातल्या कोचकोर गावात, बाजारामागे थडग्यांच्या दगडांचं दुकान आहे, तिथे ती बारा वर्षं कॉम्प्युटरवर बसली. त्या बारा वर्षांत तिच्या काचा जितक्या लखलखीत राहिल्या तितक्या गावात दुसऱ्या कुणाच्या राहिल्या नसतील.

आमच्याकडे माणूस गेला की वर्षाच्या आत त्याच्या थडग्यावर काळा दगड उभा करतात आणि दगडावर त्याचा चेहरा असतो. वर्षाच्या जेवणाला सगळं गोत जमतं, तेव्हा दगड तयार हवा. नसला तर लोक बोलत नाहीत, पण बघतात. घरचे लोक फोटो आणतात तेही काय एकेक! लग्नाच्या घोळक्यातलं अर्धं डोकं, कधीचं ओळखपत्र, घोड्यावर बसून डोळे मिटलेला आजोबा. अनारकुल तो फोटो मोठा करायची आणि त्यातून एकेक सुरकुती, एकेक केस वर काढायची. सोव्हिएत काळात ती गावच्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायची. सगळ्या खोऱ्यातली माणसं तिच्या हाताखालून गेली होती. फक्त तिची स्वतःची आई कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची, त्यामुळे आईच्या दगडावर नुसती चंद्रकोर आहे. दर वर्षी त्या चंद्रकोरीपुढे उभं राहिलं की अनारकुलला आईचाच राग यायचा.

दगडावर चेहरा कोरणारं मशीन कोचकोरला नव्हतं. ते खाली टोकमोक शहरात, मालकाच्या मोठ्या कारखान्यात. मशीनला डोकं नसतं. फाइलमध्ये जे असेल ते जाळत जातं, आणि दगडावर जळलेलं पुसता येत नाही. म्हणून फाइल इथून निघाली तशीच्या तशी तिथे पोहोचली पाहिजे. सुरुवातीला टॅक्सीवाल्यांच्या हाती पेनड्राइव्ह पाठवून झाले. त्यात एक आजोबा टॅक्सीवाल्याच्या बायकोने पँटसकट धुऊन दोरीवर वाळत घातले. तेव्हा अनारकुलने एक अख्खा हिवाळा पाच-सहा प्रोग्राम घालून-काढून बघितले आणि त्यातला एक निवडला. करड्या रंगाचा, दिसायला अगदी दळभद्री. डाव्या खणात इथला कॉम्प्युटर, उजव्या खणात टोकमोकचा. डावीकडची फाइल उचलायची, उजवीकडे टाकायची. टोकमोकच्या वाटेवर बूमच्या दरीत वारा सुटला की आमची इंटरनेटची लाइन जाते, दिवसातून चारदा जाते. पण लाइन परत आली की हा प्रोग्राम जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू लागायचा. शेवटी दोन्ही खणांत फाइल केवढी आहे त्याचे आकडे यायचे. शेवटचा आकडासुद्धा सारखा असला की अनारकुल मोठ्याने म्हणायची, "पोहोचला." मग चहा ठेवायची.

त्या वर्षी वसंतात मालक इशेनबेक टोकमोकहून वर आला. सोबत मोठा जावई मेलिस, आणि मालकाचे ऐंशी वर्षांचे चुलते. हे आक्साकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचे मान्यवर, दुकानाच्या कुठल्याही निर्णयाला लागायचेच. अनारकुलने बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते, साय काढून ठेवली होती. बोरसोकचा ढीग टेबलावर आणि त्याला टेकून मेलिसचा लॅपटॉप, असा थाट होता.

"एजे, तुम्ही आमच्या मोठ्या बहिणीसारख्या," इशेनबेकने सुरुवात केली. इशेनबेकच्या तोंडून 'एजे' इतकं गोड आलं की पुढे काहीतरी कडू असतं हे तिला पाठ होतं. "फाइली पाठवायला नवा प्रोग्राम घ्यायचाय. तुमच्याशिवाय कसा निवडणार? तुम्हीच निवडा."

"माझा निवडून झालाय. दहा वर्षं होऊन गेली."

"अहो, तो प्रोग्राम आहे का आजीचा फ्रीज? तो उघडला की मला थंडी वाजते!" मेलिस हसला. आक्साकालही हसले, त्यांना ऐकू कितीसं आलं देव जाणे. "हे बघा एजे. एकच बटण. हिरवं. दाबलं की गेली फाइल. तुमच्या त्या फ्रीजमध्ये एक चेहरा जायला दुपार लागते. ह्यात दोन मिनिटं."

हा प्रोग्राम मेलिसच्या मित्राच्या कंपनीचा होता, हे त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती; आमच्याकडे जावयाच्या मित्राची नसेल अशी कंपनी आधी सापडायला हवी.

अनारकुलने कॅलेंडरचं फाडलेलं पान काढलं. मागे तिने चार प्रश्न लिहून आणले होते. "लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून जाते का?"

"लाइन जायच्या आत गेलेली असते, एजे."

"पोहोचलेली फाइल केवढी आहे हे मला इथून दिसतं का?"

"हिरवी टिकली दिसते. टिकली म्हणजे पोहोचली."

"दीडशे-दोनशे एमबीची फाइल दोन मिनिटांत? आपल्या लाइनवर?"

"तीच तर गंमत आहे! फोटो पिसासारखा हलका करून पाठवतो. डोळ्याला फरक कळत नाही."

अनारकुलने चष्मा काढला. "हलका करतो म्हणजे? त्यातलं काय काढून टाकतो? असं करू, एकच चेहरा दोन्हींनी पाठवू, आणि दगडाच्या तुकड्यावर दोन्ही कोरून..."

"चहा गार होतोय," इशेनबेक म्हणाला आणि त्याने चुलत्यांकडे बघितलं.

आक्साकालनी दोन्ही तळहात पुढे धरले. झालं. आमच्याकडे थोराने हात पुढे करून दुवा द्यायला घेतली की विषय संपतो. सोयरीक असो, घोड्याचा सौदा असो, भावाभावांचं भांडण असो, हात वर गेले की तोंडं बंद. त्यानंतर जो शंका काढतो तो अपशकुनी. "ह्या नव्या वस्तूचा पायगुण चांगला ठरो," आक्साकाल म्हणाले, "तिची वाट पांढरी होवो, जे पाठवाल ते सुखरूप पोहोचो. ओमीन." सगळ्यांनी चेहऱ्यावरून तळहात फिरवले. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामला दुवा! असला आचरटपणा जगात फक्त आपलेच लोक करू जाणोत.

आणि अनारकुलनेही हात वर केले. अर्धा प्रश्न तोंडात तसाच ठेवून, चष्मा मांडीवर टाकून, सगळ्यांबरोबर तिनेही स्वतःच्या चेहऱ्यावरून हात फिरवले. लहानपणापासूनची सवय, हात आपोआप उठतात. संध्याकाळी घरी जाताना ती रस्ताभर स्वतःलाच शिव्या घालत होती. मेलिसने त्याच आठवड्यात टोकमोकच्या कॉम्प्युटरवर जुन्या प्रोग्रामचं दार बंद करून टाकलं.

सायराकान आपा आल्या त्या ऑगस्टमध्ये. पलीकडच्या गावच्या, मेंढपाळाच्या विधवा, सत्तरीला टेकलेल्या. त्यांचा एल्दियार रशियात बांधकामावर होता. मागच्या सप्टेंबरात तो जस्ताच्या पेटीतून परत आला. पेटी झाळून बंद केलेली. उघडू नका म्हणून कागद होता, पुरुषांनी उघडली नाही, तशीच पुरली. आईला शेवटचं तोंड दाखवलं नाही. त्या दिवशी घरातल्या सगळ्या बायका अंगणात उभारलेल्या तंबूत बसून रीतीप्रमाणे सूर धरून विलाप करत होत्या, आणि आई भिंतीसारखी बसलेली. वर्ष होत आलं तरी आई रडली नाही, हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं. काही बायका तर त्यावर तोंडं वाकडी करून बोलतही होत्या. त्यांच्या जिभांना काय, हाड नाही.

आपांनी फोटो टेबलावर ठेवला. रशियाला जाण्याआधी पासपोर्टसाठी काढलेला. डाव्या भुवईला मधोमध तोडणारा एक व्रण.

"सहा वर्षांचा होता. घोड्याने लाथ मारली," आपा म्हणाल्या. "मी ऐकलंय तुम्ही लोक चेहरे गुळगुळीत करता. हे एवढं पुसू नकोस, पोरी."

"नाही पुसणार, आपा."

"पेटीत कोण होतं मला ठाऊक नाही. दगडावर तरी माझा पोरगा दिसू दे."

अनारकुलने चार दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. दोन दिवस तर नुसती ती भुवई. व्रणाच्या कडेला केस कसे उलटे वळतात, मधली कातडी कशी किंचित चमकते, सगळं एकेक करून. फाइल झाली एकशे चौऱ्याऐंशी एमबी. तिने हिरवं बटण दाबलं. दोन मिनिटांत हिरवी टिकली आली. तिने टोकमोकला मशीनवर बसणाऱ्या सागिनला फोन लावला.

"सागिन, फाइल केवढी आलीय बघ."

"टिकली आली ना, एजे?"

"टिकली राहू दे. आकडा बघ."

"एजे, तुम्ही पण ना! आक्साकालनी दुवा दिलीय त्या प्रोग्रामला. अजून तुमचा विश्वास नाही?" सागिन हसला. मागे मशीनचा घरघराट चालू होता, आणि कुणीतरी त्याला हाक मारली. "चांगली आलीय. ठेवतो."

तिने पुन्हा फोन करायला हवा होता. हातात फोन घेतलाही होता. मग वाटलं, सगळे म्हणतील म्हातारी खडूस झालीये, जावयाला पाण्यात बघते. तिने फोन खाली ठेवला.

सोमवारी दगड आला. शुक्रवारी वर्षाचं जेवण होतं. ट्रकमधून दुकानाच्या अंगणात उतरवला तेव्हा इशेनबेक आणि मेलिसही आलेले, कारण बाजारात त्यांची दुसरी कामं होती. सायराकान आपा पुतण्याला घेऊन आल्या होत्या. पुतण्याने दगडावरचं जुनं ब्लँकेट ओढलं.

दगडावर एक तरणा मुलगा होता. देखणा, गुळगुळीत, शांपूच्या जाहिरातीतला असावा तसा. डाव्या भुवईच्या जागी एक धुरकट पट्टा. कातडी नाही, व्रण नाही, उलटे केस नाहीत. अनारकुलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आपा जवळ गेल्या. त्यांनी भुवईवर बोट ठेवलं, डावीकडून उजवीकडे नेलं, पुन्हा परत आणलं. काहीतरी हरवलेलं चाचपावं तसं त्या बराच वेळ चाचपत होत्या. मग वळल्या, आणि आपल्याकडच्या बायका करतात तसंच केलं. दुसऱ्याच्या मेहनतीला नाव ठेवायचं नाही.

"छान आहे," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा ठाक. "छान मुलगा आहे. तुमच्या हातांना यश येवो." आणि त्यांनी दोन्ही तळहात पुढे धरले.

इशेनबेकचे हात झटकन वर आले. मेलिसचे त्याहून झटकन. पुतण्याचे आले. ट्रकवाल्याने सिगारेट टाकून हात वर केले.

अनारकुलने चष्मा काढला. पण पुसला नाही. "आपा, हात खाली घ्या," ती म्हणाली.

दुवेच्या मध्ये कुणी बोलत नाही. लहान पोरसुद्धा बोलत नाही.

"एजे!" इशेनबेक दबक्या आवाजात खेकसला. "दुवा चालू आहे! लाज आहे की नाही?"

"आहे. मागच्या खेपेला लाजले म्हणून गप्प बसले. त्याचं फळ हे बघ, उभं आहे तुझ्यासमोर. आपा, हात खाली घ्या. हा तुमचा मुलगा नाही. मी बनवलेला हा नाही."

आपांचे हात हवेतच राहिले, मग हळूहळू खाली आले.

अनारकुल आत गेली. सगळे मागोमाग गेले, कारण ती बाई आता काय करेल याचा कुणालाच भरवसा नव्हता. तिने सागिनला फोन लावून स्पीकरवर टाकला. "सागिन, एल्दियारची फाइल. आकडा वाच."

"एजे, मी आत्ता..."

"वाच!"

"अकरा. अकरा एमबी."

"माझ्याकडे एकशे चौऱ्याऐंशी आहे." ती मेलिसकडे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानात ओरडली. "बाकीचा कुठे आहे? सांग की! बाकीचा एल्दियार कुठे सांडलास?"

"एजे, तसं नसतं ते... प्रोग्राम फोटो हलका करतो, मी सांगितलं होतं... डोळ्याला फरक कळत नाही..."

"कुणाच्या डोळ्याला? तुझ्या? ही आई बाहेर बोटाने चाचपत होती, तिला काय सांगू? तुझ्या मुलाचा व्रण जड होत होता म्हणून वाटेत टाकला?"

इशेनबेक पुढे आला. "बरं, चूक झाली. मान्य. पण एजे, दगड काय झाडाला लागतात? त्याच दगडावर जरा हाताने खरवडून..."

"दगड डोंगराला लागतात, इशेनबेक, आणि देवाने आपल्याला डोंगरांशिवाय दुसरं काही दिलेलं नाही. आज टोकमोकला नवा दगड मशीनवर चढेल. सागिन जुन्या प्रोग्रामचं दार उघडेल. नाही उघडलं, तर शुक्रवारी जेवणाला तीनशे माणसं जमणार आहेत. तिथे मी उभी राहीन आणि ह्या दगडाकडे बोट दाखवून सगळं सांगेन. तुझं नाव घेऊन. जावयाचंही घेऊन."

इशेनबेकने चुलत्यांना फोन करायला खिशात हात घातला. मग अनारकुलकडे बघितलं आणि हात तसाच बाहेर काढला. त्याने सागिनला सांगितलं, "एजे म्हणतात तसं कर."

दुपारी वारा होता. करडा प्रोग्राम उघडला, डावा खण, उजवा खण. फाइल निघाली. एकतीस टक्क्यांवर लाइन गेली. अनारकुल खुर्चीवर हाताची घडी घालून बसून राहिली. आपा भिंतीजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या, घरी जाणार नाही म्हणाल्या. लाइन आली, एकतिसावरून पुढे. अठ्ठावन्नला पुन्हा गेली.

"आता?" आपांनी विचारलं.

"आता थांबायचं. हा विसरत नाही कुठे होता ते."

मेलिस दारात उभा होता. आत यायची हिंमत नव्हती आणि निघून जायचीही. चार वाजता फाइल पोहोचली. अनारकुलने सागिनकडून आकडा एकेक करून वाचून घेतला आणि प्रत्येक आकड्यावर पडद्यावर बोट ठेवलं. शेवटचाही जुळला. "पोहोचला," ती म्हणाली, पण चहा ठेवला नाही. राग अजून गेला नव्हता.

शुक्रवारी सकाळी ट्रक आपांच्या अंगणात शिरला. तंबू लागलेला होता, कढया उकळत होत्या, रीतीप्रमाणे जेवणासाठी घोडी कापलेली होती. दगड कबरीवर पुरुष नेणार, म्हणून तो आधी अंगणात, बायकांसमोर उतरवला. ब्लँकेट काढलं.

सायराकान आपा पुढे आल्या. बोट भुवईवर ठेवलं. बोट मधोमध थांबलं, तिथे जिथे केस तुटतात आणि कातडी चमकते. ते तिथून हललंच नाही.

मग त्यांच्या आतून आवाज आला. आधी सूर नव्हता, नुसता आवाज. मग शब्द आले.

"घोड्याची लाथ खाऊन आलास, तेव्हा रडला नाहीस रे, माझ्या शिंगरा... रक्त पुसताना म्हणालास, आई, घोड्याला मारू नकोस रे... मी पेटीपाशी बसले, पेटी बोलली नाही रे... तू आलास, आज आलास, वर्षाने घरी आलास रे..."

तंबूतल्या बायकांनी सूर उचलला. ज्या बायकांनी तोंडं वाकडी केली होती त्यांनीही उचलला. आपा दगडाला दोन्ही हातांनी धरून खाली बसल्या आणि कुणी त्यांना उठवलं नाही.

इशेनबेक अनारकुलच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचेही डोळे ओले होते, तसा माणूस वाईट नव्हता. थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, "झालं ना एजे, सगळं नीट? आता राग सोडा."

अनारकुलने चष्मा काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

"बाई वर्षभर रडली नव्हती, इशेनबेक," ती म्हणाली. "आणि जिथे बोट ठेवून ती आज रडली, तुम्ही तेवढंच काढून टाकलं होतंत. हलकं व्हावं म्हणून."